दोन फुटी टँकच्या जुन्या हूडमध्ये एलईडी पट्टी: किती वॅट, त्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माशांचा टँक दोन फुटी आहे, २४ × १२ × १२ इंच. वर काळ्या प्लास्टिकचं हूड, म्हणजे दिव्यासकट येणारं झाकण, आणि त्यात दीड फुटी, १५ वॅटची ट्यूब. चोक जळाला, दुकानदार म्हणतो अख्खं हूड बदला. तुम्ही १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा पाच मीटरचा 'वॉटरप्रूफ' रोल आणलाय: २८३५ जातीचे दिवे, मीटरला १२०, मीटरला ९.६ वॅट. आत गप्पी मासे, तीन-चार चेरी श्रिंप (बारक्या कोळंब्या), आणि अनुबियास, जावा फर्न या पाणवनस्पती. रोल नागमोडी फिरवून सगळाच्या सगळा आत चिकटवला तर चालेल का, आणि एकूण किती वॅट हवेत, हे तुम्ही विचारलंय.

वॅटचं गणित दहा मिनिटांत सुटतं, आणि ते मी खाली सोडवून दाखवतो. हूडमध्ये खरी अडचण वाफेची असते. पाण्यापासून चार बोटांवर, बंद झाकणाखाली, रोज आठ तास तापणारी आणि सोळा तास गार होणारी वस्तू तुम्ही टांगणार आहात. गेली अठरा वर्षं मी पुण्यात लोकांच्या घरचे आणि दवाखान्यांतले टँक सांभाळतोय. एवढ्या वर्षांत उजेड कमी पडला म्हणून बिघडलेली हूडं थोडी पाहिली. ओल शिरून मेलेली ढिगाने पाहिली.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या हूडमध्ये ट्यूबऐवजी बल्बचा होल्डर असता, तर मी एवढं लिहिलंच नसतं. होल्डर धड असेल तर नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावा आणि विषय संपवा, असं सांगितलं असतं. टँकची उंची दीड फुटाच्या वर असती, किंवा तुम्हाला तळाशी हिरवळीचा गालिचा करायचा असता, तर पट्टीच्या नादाला लागू नका म्हटलं असतं, कारण तिथे तयार दिवाच परवडतो. आणि हूडचं प्लास्टिक इतकं ठिसूळ झालं असेल की बिजागरीपाशी तडे गेलेत, तर दुकानदाराचं ऐका. बाकी बाबतीत चोक जळाला म्हणून चांगलं हूड भंगारात द्यायचं काही कारण नाही. बाजारात ट्यूबच्या जागी बसणारी एलईडी ट्यूबही मिळते, पण तिच्यातून २३० व्होल्ट पुन्हा त्याच गंजलेल्या होल्डरांत, पाण्याच्या डोक्यावर येतात. घरातल्या ट्यूबलाइटच्या जागी ती उत्तम आहे, हूडसाठी मला ती पसंत नाही. १२ व्होल्टचा तुमचा विचार योग्य आहे.

आता गणित. टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. या छंदातला ठोकताळा असा: अनुबियास, जावा फर्न, शेवाळाचे गोळे अशा सावलीतल्या वनस्पतींना लिटरमागे १० ते २० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात, क्रिप्टोकोरिन आणि व्हॅलिसनेरियाला २० ते ४०. त्यापुढचं क्षेत्र कार्बन डायऑक्साइडची बाटली लावणाऱ्यांचं. हा ठोकताळाच आहे, कायदा नव्हे. टँक खिडकीजवळ असेल तर आकडा आणखी खाली आणा.

तुमच्या पट्टीच्या एका वॅटला ८५ ल्युमेन धरूया. हूडच्या आत सरळ ५५ सेंटिमीटर जागा मिळते. अशा दोन ओळी म्हणजे १.१ मीटर, साडेदहा वॅट, नऊशे ल्युमेन, लिटरमागे २०. तीन ओळी म्हणजे १.६५ मीटर, सोळा वॅट, साडेतेराशे ल्युमेन, लिटरमागे ३०. तुमची जुनी ट्यूब नवी असताना नऊशेच्याच आसपास ल्युमेन देत होती, आणि त्यातला जवळजवळ निम्मा उजेड वरच्या काळ्या प्लास्टिकवर पडून वाया जात होता. एलईडीचा उजेड एकाच दिशेला, खाली पडतो. म्हणजे दोन ओळींतच तुम्ही जुन्या ट्यूबच्या पुढे जाता. अख्खा पाच मीटरचा रोल लावलात तर ४८ वॅट, चार हजारांवर ल्युमेन. त्या उजेडात अनुबियासच्या पानांवर महिनाभरात काळं शेवाळ धरेल आणि बंद हूडमध्ये पट्टी स्वतःच्याच उष्णतेने मरेल. माझं मत तीन ओळींचं: दोन तुमच्या रोलच्या, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या, आणि मधली एक वेगळी आणलेली, ३००० केल्विनची पिवळसर. कारण पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड दिसतो, आणि त्यात लाल रंग तोकडा पडतो. गप्पीच्या शेपटीचा लाल-केशरी रंग नुसत्या ६५००मध्ये विटलेला दिसतो, मधल्या ओळीने तो परत येतो. (हा निळा एलईडी शक्य केल्याबद्दल २०१४चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एकाचं नाव हिरोशी अमानो. आणि टँकमध्ये निसर्ग उभा करायची कला जगाला शिकवणारे ताकाशी अमानो. आडनावाचा हा योगायोग मला फार आवडतो.)

अडॅप्टरचं गणितही इथेच उरकतो. सोळा वॅट भागिले १२ म्हणजे १.३ अँपिअर. अडॅप्टर कधीही काठोकाठ वापरू नये, म्हणून २ अँपिअरचा घ्या. त्याच्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. या एका वस्तूत पैसे वाचवू नका, कारण २३० व्होल्ट आणि तुमचा पाण्यात बुडालेला हात यांच्या मधली भिंत म्हणजे तो अडॅप्टर. तो हूडच्या आत कधीच ठेवायचा नाही. टँकच्या बाजूला भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. हूडपासून अडॅप्टरकडे जाणाऱ्या वायरीला खाली लोंबता झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतं, प्लगपर्यंत चढत नाही. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर दिव्याच्या आधी तो बसवून घ्या. तुमचा फिल्टर आणि हीटर तर अजूनही २३० व्होल्टवरच आहेत.

आता 'वॉटरप्रूफ' या शब्दाकडे येतो. रोलवर आयपी ६५ लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि बाहेरून पाण्याचा फवारा आला तर चालतो. ही हमी पट्टी अखंड असेपर्यंतची. तुम्ही कात्री लावलीत की कापलेल्या तोंडाशी तांबं उघडं पडतं आणि तिथे कसलीही हमी उरत नाही. शिवाय वाफ फवाऱ्यासारखी वागत नाही. दिवा चालू असताना लेपाखालची हवा फुगून बाहेर पडते, बंद झाला की आकसते आणि सोबत दमट हवा ओढून घेते. रोज एकदा हा श्वास चालतो. पावसाळ्याचे चार महिने झाले की आत थेंब दिसायला लागतात.

हे मी स्वतःच्या टँकवर शिकलो. बरीच वर्षं झाली, घरच्या टँकच्या हूडमध्ये अशीच पट्टी बसवली आणि कापलेली टोकं टँकची काच जोडायच्या नेहमीच्या सिलिकॉनने बंद केली. त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं. काचेला त्याचं काही होत नाही, तांब्याला होतं. दोन महिन्यांनी टोकाचे तीन दिवे गेले, मग शेजारचे तीन. मी लक्ष दिलं नाही, बाकीचे पेटत होते. मग श्रिंप मरायला लागले, आठवड्याला एक-दोन. पाणी तपासलं, अमोनिया शून्य. शेवटी हूड उलटं करून बॅटरी मारली तेव्हा दिसलं: पट्टीच्या टोकाशी मोरचुदी रंगाची भुकटी, आणि तिथून हूडच्या कडेपर्यंत त्याच रंगाचा बारीक ओघळ. ओघळाच्या टोकाला एक थेंब लटकत होता, थेट पाण्यावर. तांबं माशांना थोडंफार सोसतं, श्रिंप आणि गोगलगायींना फार कमी प्रमाणातही मारतं. त्या श्रिंपांचं कारण तेच, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पट्टी काढली, चार दिवसांआड थोडंथोडं पाणी बदललं आणि मरणं थांबलं. तुमच्या टँकमध्ये श्रिंप आहेत हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तो थेंबच आठवला.

म्हणून सिलिकॉन घेताना 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं मागा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, थोडं महाग असतं. ट्यूब उघडून वास घेतला की फरक लगेच कळतो, त्याला तो आंबट वास नसतो.

बसवायची रीत सांगतो. पहिल्यांदा जुनं हूड पूर्ण रिकामं करा: ट्यूब, होल्डर, स्टार्टर, चोक, सगळ्या वायरी. होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर पांढरा क्षार आणि हिरवट थर दिसेल, तीच इतकी वर्षं पाण्यावर लटकलेली वीज होती. ट्यूब फोडू नका, तिच्यात पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. हूड घासून, धुऊन, उन्हात वाळवा.

पट्टी थेट प्लास्टिकवर चिकटवू नका. तिच्या पाठीचा गोंद दमट हवेत सहा महिने टिकत नाही, आणि एक दिवस पट्टी लोंबकळत पाण्यात उतरलेली सापडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एलईडीची उष्णता पुढून निघत नाही, पाठीतून निघते, आणि प्लास्टिक ती वाहून नेत नाही. मी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडून ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्टीचे उरलेले तुकडे आणतो. दोन-अडीच इंच रुंद आणि ५५ सेंटिमीटर लांब असा एक तुकडा तुम्हाला पुरेल, तिन्ही ओळी त्यावरच बसतात. स्पिरिटने पुसून पट्ट्या दाबून चिकटवा आणि दर दहा सेंटिमीटरवर न्यूट्रल सिलिकॉनचा छोटा पट्टा ओढा. तो पुढे गोंदाचं काम करतो. ॲल्युमिनियम हूडच्या छताला टेकवू नका. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घालून अर्धा सेंटिमीटर फट ठेवा, म्हणजे पाठीमागून हवा फिरेल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

कापण्याच्या आणि सोल्डरिंगच्या कामाला घाई नको. तुमच्या पट्टीवर दर अडीच सेंटिमीटरला, म्हणजे दर तीन दिव्यांनंतर, कापायची रेघ आणि दोन्ही बाजूंना तांब्याचे ठिपके असतात. बरोबर रेघेवर कापा. ठिपक्यांवरचा सिलिकॉनचा लेप ब्लेडने खरवडून तांबं चकचकीत करा. आधी ठिपक्यावर कथलाचा छोटा थेंब घ्या, वायरीच्या टोकालाही कथील लावा, मग दोन्ही एकत्र धरून सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा. त्याहून जास्त धरलं तर ठिपका उखडून हातात येतो. दाबून बसवायच्या क्लिपा मिळतात, त्या हूडमध्ये वापरू नका. ओल्या हवेत त्यांचे दात सगळ्यात आधी गंजतात. तिन्ही ओळींची लाल वायर लालला आणि काळी काळीला, सगळ्या एकाच बाजूला आणून मुख्य वायरीला जोडा. प्रत्येक सांध्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी), त्यावर न्यूट्रल सिलिकॉनचा जाड गोळा. ओळींची दुसरी टोकं लोक विसरतात, तिथेही तांबं उघडं असतं. तिथेही गोळा. चोवीस तास सुकू द्या.

मग लगेच टँकवर चढवू नका. आधी टेबलावर तास-दोन तास पेटवून ॲल्युमिनियमच्या पाठीला तळहात लावा. गरम वाटलं तरी हात ठेवता आला पाहिजे. हात झटकन काढावा लागला तर ओळी जास्त आहेत किंवा पट्टी नीट टेकलेली नाही. मल्टिमीटर असेल तर वायरीत मालिकेत जोडून अँपिअर मोजा आणि १२ने गुणा. रोलवरचे वॅट आणि खरे वॅट यांत बऱ्याचदा तफावत निघते. मी मोजलेल्या स्वस्त रोलांपैकी काही लिहिलेल्याच्या दोन तृतीयांशच ओढत होते. तसं असेल तर मन लावून घेऊ नका, फक्त वरच्या गणितात खरा आकडा टाका. नंतर मी एक परीक्षा घेतो: बादलीत कढत पाणी ओततो, हूड त्यावर पालथं ठेवतो, अडॅप्टर लांब भिंतीपाशी, आणि तासभर दिवा चालू. पाणी निवलं की हूड उलटून प्रत्येक सांधा बघतो. कुठे लेपाखाली धुकं दिसलं तर तिथलं सिलिकॉन कापून पुन्हा भरतो. ही बादली गेली सात-आठ वर्षं मी एकदाही चुकवलेली नाही.

आता काच. पट्टी आणि पाणी यांच्यामध्ये ४ मिलिमीटरची काच हवीच. ॲक्रिलिकचा मोह टाळा. खालून ओल आणि वरून ऊब बसली की ते काही महिन्यांत पन्हाळीसारखं वाकतं. काचवाल्याकडून टँकच्या आतल्या कडेवर बसेल अशी काच कापून, धार मारून घ्या आणि मागच्या बाजूला फिल्टरच्या नळ्यांसाठी दोन इंच जागा सोडा. वाफ काचेच्या खालच्या अंगाला धरते आणि थेंब पाण्यातच परत पडतात. पट्टीचं आयुष्य या एका काचेमुळे किती वाढतं ते मी दोन सारख्या टँकवर पाहिलंय: काच नसलेल्याची पट्टी दुसऱ्या पावसाळ्यात गेली, काच असलेल्याची सहाव्या वर्षी अजून चालू आहे. मात्र बोअरच्या पाण्याचा टँक असेल तर पंधरवड्यात काचेवर पांढरा क्षार चढतो आणि उजेड कळत-नकळत कमी होत जातो. काच बाहेर काढून व्हिनेगरने पुसा, साध्या पाण्याने धुवा, मग बसवा. दिवा मंद झाला म्हणून नवी पट्टी मागवणाऱ्या किती जणांना मी आधी काच पुसायला लावलीय!

विजेच्या बचतीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. जुनी ट्यूब चोकसकट २३-२४ वॅट खात होती, तीन ओळी अडॅप्टरसकट १८-१९ खातील. रोज आठ तास धरले तर वर्षाला पंधरा युनिटं. यासाठी कुणी एवढा खटाटोप करू नये. खरा फायदा उन्हाळ्यात दिसतो: चोकची उष्णता हूडमधून गेली, की एप्रिल-मेमध्ये पाणी थोडं तरी कमी तापतं, आणि गप्पी पृष्ठभागाशी तोंड लावून बसत नाहीत. हूड काढून नुसता उघडा टँक ठेवावा असाही सल्ला कुणीतरी देईल. गप्पी उड्या मारतात, झाकण नसलं तर सकाळी एखादी फरशीवर सुकलेली सापडते.

दिवा चढवल्यावरचे पहिले पंधरा दिवस मधली पिवळसर आणि एक पांढरी अशा दोनच ओळी पेटवा, रोज सहा तास. त्यासाठी तिसरीच्या लाल वायरीत छोटा स्विच घाला, पण तो हूडच्या बाहेर, अडॅप्टरच्या बाजूला. मासे नव्या उजेडाला पहिले दोन-तीन दिवस बिचकतात आणि मागच्या कोपऱ्यात दाटीने राहतात. पंधरवडाभरात काचेवर हिरवं फार धरलं नाही तर तिसरी ओळ चालू करा आणि तास सातपर्यंत न्या. आठच्या पुढे तुमच्या वनस्पतींना गरज नाही. टायमर घेताना बॅटरी असलेला डिजिटल घ्या. दात फिरवून लावायचा यांत्रिक टायमर वीज गेली की तेवढा वेळ थांबून राहतो, आणि भारनियमनाच्या गावात महिन्याभरात त्याचा दिवस मध्यरात्री उजाडायला लागतो.

कापायला बसण्याआधी हूडच्या आतला आणि रोलच्या कापलेल्या टोकाचा फोटो पाठवा. लेप सिलिकॉनचा आहे की कडक इपॉक्सीचा, ते फोटोत ओळखू येतं. नखाने दाबून लवचीक लागला तर सिलिकॉन. कडक आणि काचेसारखा असेल तर तो रोल घराच्या कपाटात वापरा आणि टँकसाठी सव्वा मीटर दुसरी पट्टी आणा. इपॉक्सी वर्षभरात पिवळं पडतं आणि वाकवताना तडकतं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला मीटरवर कापून देतात.